‘मुळे’ आणि ‘तून’ : मोटार-अपघातातील वाहन-संबंधाच्या सिद्धीचा इतिहास

१

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणारा जुना रस्ता दौलताबादच्या बाहेरच्या तटातील दरवाजातून पार होतो. ही कमान हत्ती, घोडे आणि बैलगाड्या यांच्या मापाने उभारलेली आहे, व आज तिच्यातून मोटारींना ये-जा करावी लागते. पुढे रस्ता घाट चढून खुलताबादच्या पठारावर जातो. श्रावणातील शुक्रवारच्या रात्री भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी निघालेले भाविक याच वाटेने चालतात. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्रीही हाच प्रकार असतो. अंधार, वळणे, अरुंद कमान, पायी चालणारी माणसे आणि मागून येणारे दिवे ही सामग्री एकत्र आल्यावर अपघात घडणे नवलाचे नाही. अपघात घडून वाहन निघून गेले, म्हणजे मागे राहिलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न दोषाचा नसतो. तो असतो ओळखीचा : कोणते वाहन होते, आणि तेच होते हे कशावरून?

या प्रश्नाला कायद्याच्या व्यवहारात ‘वाहनाचा संबंध’ किंवा ‘वाहनाचा सहभाग’ सिद्ध करणे असे म्हणतात. मराठीत यासाठी अद्याप एक शब्द स्थिर झालेला नाही. ‘सहभाग’ या शब्दाला हेतूचा वास आहे, ‘समावेश’ हा यादीचा शब्द आहे, ‘संबंध’ फार व्यापक आहे, आणि ‘गुंतलेले वाहन’ हा प्रयोग बोलीला जवळचा असला तरी कागदावर क्वचितच येतो. शब्दाची ही अस्थिरता केवळ परिभाषेची उणीव समजून सोडून देता येत नाही. वाहन आणि इजा यांना जोडणारा दुवा कोणता मानावा याविषयी कायद्याची कल्पनाच वेळोवेळी बदलत आली आहे, आणि शब्दांची चलबिचल हा त्या बदलाचा माग आहे. तो माग दौलताबादच्या परिसरातून काढणे विशेष सोयीचे आहे. कारण धर्मशास्त्र, फारसी दफ्तर, उर्दू न्यायालय आणि आजचे मराठी-इंग्रजी न्यायालय या चारही परंपरांचे थर येथे एकावर एक साचलेले आहेत.

२

वाहनाने झालेल्या इजेचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघाताचे एक लहानसे प्रकरणच आहे. बैलाची वेसण तुटणे, जू मोडणे, गाडी आडवी होणे किंवा मागे सरणे, आस अथवा चाक मोडणे, दोर आणि लगाम तुटणे, तसेच हाकणाऱ्याने ‘बाजूला व्हा’ असे ओरडून सांगितलेले असणे, अशा दहा प्रसंगी दंड नाही असे तेथे सांगितले आहे. हाकणारा अकुशल असल्यामुळे गाडी भरकटली तर दंड मालकाने द्यावयाचा. हाकणारा कुशल असेल तर दंड त्याच्यावरच येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हाच विचार थोड्या फरकाने आढळतो. याज्ञवल्क्यस्मृतीने हा विषय संक्षेपाने घेतला आहे, आणि तिच्यावरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. पुढे देवगिरीच्या यादवांच्या दरबारी हेमाद्री पंडिताने चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड निबंधग्रंथ रचला. त्याचा भर व्रत, दान, श्राद्ध या विषयांवर असला तरी, आज ज्याला दौलताबाद म्हणतात ते स्थान एके काळी धर्मशास्त्राच्या अभ्यासाचे केंद्र होते ही गोष्ट त्यावरून स्पष्ट होते.

या सर्व विवेचनात एक प्रश्न कोठेही उपस्थित होत नाही. तो म्हणजे गाडी कोणती, हा. मालक कोण, हाकणारा कुशल की अकुशल, दोर तुटला की नाही, याची चर्चा आहे. पण गाडी ओळखीची आहे हे गृहीत धरलेले आहे. हे गृहीत त्या काळाला धरूनच होते. बैलगाडी माणसाच्या चालीहून फार वेगाने जात नाही, गावात गाड्या मोजक्या असतात, आणि अपघातानंतर गाडी तेथेच उभी राहते. घटनास्थळावरून नाहीसे होऊ शकणारे वाहन हे स्वयंचलित यंत्राच्या युगाचे अपत्य आहे.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात याच्या उलट टोकाची कल्पना होती. ज्या वस्तूच्या हालचालीने माणूस मरण पावला ती वस्तू, मग ती गाडी असो वा घोडा, अथवा तिचे मूल्य, राजाकडे जप्त होत असे. तेथे मनुष्याचा दोष गौण होता. वस्तू मृत्यूकडे हलली एवढे पुरे होते. आगगाड्या सुरू झाल्यावर ही प्रथा अडचणीची ठरली व १८४६ मध्ये ती रद्द झाली. त्याच वर्षी मृताच्या कुटुंबाला नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार देणारा कायदा संमत झाला, आणि त्याच्या धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ चा तेरावा कायदा आला. या स्थित्यंतराचा अर्थ असा की, वस्तूवरचे लक्ष हटून ते माणसाच्या चुकीवर आले. यापुढे जवळजवळ सव्वाशे वर्षे भरपाईच्या कायद्याची भाषा ही चुकीची भाषा राहिली.

३

दौलताबादचा परिसर त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. तेथील दफ्तराची भाषा प्रथम फारसी व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दू झाली. मुकदमा, मुद्दई, गवाह, शहादत, सबूत, हर्जाना हे शब्द तेथील न्यायालयीन व्यवहारातले. मुंबई इलाख्यातील मराठी मुलखात याच काळात वादी, प्रतिवादी, साक्षीदार, पुरावा, नुकसानभरपाई हे शब्द रूढ होत होते. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५१ मध्ये केंद्राचे अनेक कायदे तेथे लागू झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्यानंतर हे दोन शब्दसमूह एकाच कचेरीत नांदू लागले.

यांपैकी दोन शब्द येथे महत्त्वाचे आहेत. ‘शाबीत’ आणि ‘सबूत’ हे एकाच अरबी धातूचे. त्या धातूचा मूळ अर्थ स्थिर असणे, ढळू न शकणे. ‘पुरावा’ या शब्दाचे नाते मात्र पुरणे, पुरवणे या मराठी क्रियापदांशी दिसते. जे पुरे पडते तो पुरावा. एका शब्दाची कल्पना अचलतेची, तर दुसऱ्याची पुरेपणाची. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ज्या दोन कसोट्यांत भेद केला, त्यांचे बीज या शब्दयुग्मात आधीच आहे असे म्हणण्यास हरकत नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा ‘शाबीत’ व्हावा लागतो, म्हणजे वाजवी संशयाने तो ढळता कामा नये. भरपाईच्या दाव्यात मात्र पुरावा पुरे पडला म्हणजे झाले. शक्यतेचे पारडे एका बाजूला झुकले म्हणजे झाले.

तिसरा शब्द ‘पंचनामा’. त्याच्या घडणीत देशी ‘पंच’ व फारसी ‘नामा’ यांचा संयोग आहे. त्याची जातकुळी शोधताना मध्ययुगीन ‘महजर’ आठवल्यावाचून राहत नाही. महजर म्हणजे गोतसभेपुढील निवाड्याचा कागद. त्यात ‘हाजीर मजालसी’ म्हणून उपस्थितांची यादी असे. महजर आणि हाजीर हे दोन्ही शब्द उपस्थिती या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत. म्हणजे या परंपरेत पुराव्याचा पाया उपस्थिती हा होता. घटनेच्या किंवा निर्णयाच्या वेळी कोण हजर होते, यावर कागदाचे वजन ठरे. मोटार-अपघाताच्या पंचनाम्यात ही कल्पना टिकून आहे. पण त्यात एक विपर्यास शिरला आहे. पंच हजर असतात, काच विखुरलेली असते, चाकांच्या खुणा असतात, रक्त असते. फक्त ज्याच्याविषयी हे सारे लिहावयाचे ते वाहन गैरहजर असते.

४

हैदराबाद संस्थानाने १९३२ मध्ये रेल्वेच्या जोडीने रस्ता-वाहतूक खाते सुरू केले, तेव्हा त्याच्याजवळ २७ बसगाड्या होत्या. मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. वाहने वाढली तसा कायदाही बदलत गेला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याची तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची कल्पना पुढे आली. तथापि चूक सिद्ध करण्याचा भार दावेदारावरच राहिला, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईहून आलेल्या एका प्रकरणात तसे स्पष्ट सांगितले.

खरा पालट १९८२ च्या दुरुस्तीने झाला. तिने कलम ९२-अ घालून दोषनिरपेक्ष दायित्वाचे तत्त्व आणले : मृत्यूबद्दल १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये, चूक कोणाची हे न विचारता. त्याच दुरुस्तीने धडक देऊन निघून गेलेल्या, ओळख न पटलेल्या वाहनांच्या बळींसाठी वेगळी योजना केली. तिच्यात मृत्यूबद्दलची रक्कम ५,००० रुपये होती. १९८८ च्या नव्या कायद्यात, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला, या रकमा अनुक्रमे २५,००० व ८,५०० झाल्या. १९९४ मध्ये त्या ५०,००० व २५,००० झाल्या. १ एप्रिल २०२२ पासून दोष सिद्ध न करता मिळणारी मृत्यूची रक्कम ५ लाख आणि अज्ञात वाहनाच्या बाबतीतील रक्कम २ लाख आहे. चूक सिद्ध करून मागितलेल्या भरपाईला तर अशी ठरीव मर्यादाच नाही. मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून ती ठरते.

या आकड्यांतून एक गोष्ट निघते. दोषाचा प्रश्न मागे पडला तसा ओळखीचा प्रश्न पुढे आला. जुन्या स्मृतिकारांना जो प्रश्न पडलाच नव्हता तोच आता भरपाईचे मान ठरवू लागला. ‘अज्ञात वाहन’ हे दोन शब्द प्रथम वर्दीत कायम राहिले की बळीच्या कुटुंबाचा हक्क एका ठरीव रकमेपुरता आक्रसतो.

५

वाहन ज्ञात असले तरी त्याचा संबंध मान्य होईलच असे नाही. या बाबतीत महाराष्ट्रातील एक प्रकरण मूलभूत ठरले. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगलोर महामार्गावर, सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ, पेट्रोलचा टँकर आणि एक ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याबाहेर जाऊन उलटला व त्यातून पेट्रोल गळू लागले. सुमारे चार तासांनी, सकाळी सव्वासातच्या सुमारास, स्फोट होऊन आग भडकली आणि तेथे जमलेल्यांपैकी अनेक जण भाजले व मरण पावले. एका मृताच्या कुटुंबाने कलम ९२-अ खाली भरपाई मागितली.

साताऱ्याच्या न्यायाधिकरणाने ती नाकारली. टक्कर हा एक प्रसंग आणि स्फोट हा दुसरा; उलटून पडलेला टँकर ‘उपयोगात’ नव्हता; जमलेले लोक पेट्रोल नेण्यासाठी आले होते, असे आक्षेप विरुद्ध बाजूचे होते. मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय फिरविला, आणि जुलै १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. न्यायालयाच्या विवेचनाचे दोन खांब आहेत, आणि दोन्ही भाषिक आहेत. पहिला ‘उपयोग’ या शब्दाचा : वाहन चालू असेल तेवढाच वेळ त्याचा उपयोग होतो असे नाही, बिघाडाने किंवा अपघाताने ते थांबलेले असतानाही तो अर्थ लागू राहतो. दुसरा खांब दुव्याचा. विम्याच्या कलमात वाहनाच्या उपयोगाने ‘घडविलेली’ किंवा त्यातून ‘उद्भवलेली’ इजा असे दोन पर्याय होते. कलम ९२-अ मध्ये केवळ ‘उद्भवलेली’ एवढाच शब्द योजलेला होता. ऑस्ट्रेलियातील एका निर्णयाचा आधार घेऊन न्यायालयाने म्हटले की, उद्भवण्याच्या नात्यात कार्यकारणभाव असतो खरा, पण तो घडविण्याच्या नात्याइतका निकटचा असावा लागत नाही.

मराठी व्याकरणाच्या अभ्यासकाला हा भेद परका वाटणार नाही. ‘मोटारीमुळे मृत्यू आला’ आणि ‘मोटारीच्या उपयोगातून मृत्यू ओढवला’ या दोन वाक्यांतील अंतर नेमके हेच आहे. ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय मूळ दाखविते. कारण आणि कार्य यांच्यामध्ये ते दुसऱ्या कशालाही जागा ठेवीत नाही. ‘तून’ हा पंचमीचा अर्थ निघण्याची जागा दाखवितो. निघाल्यावर वाट किती लांब होती, वाटेत काय भेटले, हे तो खुले ठेवतो. कवठ्याच्या चार तासांना ‘मुळे’ मध्ये जागा नव्हती. ‘तून’ मध्ये ती होती. एका अव्ययाच्या आणि एका विभक्तीच्या अंतरावर किती कुटुंबांचा निर्वाह अवलंबून असू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

६

आता वाहनाच्या ओळखीकडे वळावे. नोंदणी क्रमांक हे मोटारीचे विशेषनाम होय. बैलगाडीला त्याची गरज नव्हती, कारण तिची ओळख मालकाच्या नावाने होत असे. संभाजीनगर जिल्ह्यातील वाहनांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर २० हा अंक असतो. परंतु रात्रीच्या घाटात साक्षीदाराच्या दृष्टीस विशेषनाम क्वचितच पडते. त्याच्या स्मरणात राहते ते सामान्यनाम. आणि ही सामान्यनामे बोलीची असतात. प्रवासी जीपला मराठवाड्यात ‘काळी-पिवळी’ म्हणतात, लहान मालवाहू गाडीला ‘छोटा हत्ती’. साक्षीदार ‘काळी-पिवळी’ म्हणतो, वर्दी लिहून घेणारा ‘जीप’ लिहितो, नोंदणीपुस्तकात ‘टॅक्सी’ असते, आणि न्यायाधिकरणात त्याचे इंग्रजी भाषांतर चौथेच काही होते. वस्तू एक, नावे चार. आणि उलटतपासात याच चार नावांना चार वस्तू ठरविण्याचा प्रयत्न होतो.

क्रियापदांची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘गाडीने धडक दिली’ यात कर्ता गाडी आहे. ‘गाडीची धडक बसली’ यात कर्ता धडक झाली आणि गाडी षष्ठीत सरकली. ‘तो गाडीखाली सापडला’ यात कर्ता मृत झाला, तर ‘तो गाडीवर आदळला’ यात दोषही त्याच्याकडे गेला. बोलणाऱ्याच्या मनात या चारही वाक्यांचा आशय एक असू शकतो. दुःखाच्या भरात माणूस वाक्यरचना निवडून बोलत नाही. परंतु कागदावर एकदा उतरल्यावर ती रचना साक्षीदाराची म्हणून कायम होते, मग ती वस्तुतः लिहून घेणाऱ्याची का असेना. प्रथम वर्दीत एक क्रियापद आणि महिन्याभराने घेतलेल्या पुरवणी जबाबात दुसरे, एवढ्यावरून जबाब विसंगत ठरविल्याची तक्रार दावेदारांच्या बाजूने केली जाते, आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडील निर्णयांचा कल या अडचणींची जाण ठेवणारा आहे. २००९ मध्ये हिमाचल मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, विशिष्ट बसने विशिष्ट रीतीने अपघात घडविला याचा काटेकोर पुरावा देणे दावेदारांना शक्य नसू शकते. त्यांनी शक्यतेचे पारडे आपल्याकडे झुकल्याचे दाखविले म्हणजे पुरे. २०१३ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात हीच कसोटी पुन्हा सांगितली गेली. केवळ वर्दी उशिरा दिली एवढ्यावरून दावा फेटाळू नये, कारण आप्त प्रथम जखमीकडे धावतात, ठाण्याकडे नव्हे, असे २०११ च्या एका निर्णयात मानले गेले. राजस्थानातील २०१९ च्या प्रकरणात एखादा प्रत्यक्षदर्शी तपासला गेला नाही ही उणीव घातक नाही असे ठरले.

७

तथापि दुसरी बाजू दुर्लक्षिता येणार नाही. कसोटी सैल केली की तिचा गैरफायदा घेणारे निघतात. ज्याचा अपघाताशी काही संबंध नाही असे, पण विमा उतरविलेले वाहन मागाहून कागदात उभे करावयाचे, हा प्रकार देशात घडला आहे. उत्तर प्रदेशात अशा बनावट दाव्यांच्या तपासासाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांची गंभीर दखल घेतली. खोट्या दाव्याने हानी केवळ विमा कंपनीची होत नाही. पुढच्या खऱ्या दावेदाराकडे संशयाने पाहिले जाते, आणि ज्या विधवेच्या वर्दीत घाबरलेल्या शेजाऱ्याने ‘अज्ञात’ हा शब्द लिहवून घेतला होता, तिला वाहन सापडल्यावर तेच खरे हे पटवून देणे दुप्पट कठीण होते.

म्हणून या दोन भयांमधील मार्ग कसोटी आवळण्यात किंवा सैल करण्यात नाही. तो पहिल्या कागदाच्या शुद्धतेत आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी पोलिसांना अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला देण्यास सांगितले आहे. मुदतीचे बंधन योग्यच आहे. परंतु मुदत भाषेची काळजी घेत नाही. साक्षीदाराने गाडीला कोणत्या नावाने संबोधले, कोणते क्रियापद वापरले, ‘अज्ञात’ म्हणजे त्याने पाहिले नाही, की क्रमांक वाचता आला नाही, हे जसेच्या तसे नोंदविले गेले, तर पुरवणी जबाब हा विसंगती न ठरता पूर्ती ठरेल. ‘वाहन अज्ञात’ आणि ‘वाहनाचा क्रमांक अज्ञात’ या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असावी असे महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये अधिसूचित केले. त्यापूर्वीच, १९८१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेत आले होते व मराठवाड्यातील अपिले तेथे जाऊ लागली होती. मराठी जबाब, त्याचे इंग्रजी रूपांतर आणि त्यावरचा निर्णय अशी तीन पायऱ्यांची वाट प्रत्येक दाव्याला चालावी लागते. या वाटेवर ‘तून’ चा ‘मुळे’ कोठे होतो, ‘बसली’ ची ‘दिली’ कोठे होते, याचा पद्धतशीर शोध भाषाशास्त्र, इतिहास आणि विधी या तिन्ही विभागांनी एकत्र घेण्याजोगा आहे. पंचनामे व जबाब हे आजवर केवळ न्यायाचे साधन मानले गेले. बोली मराठीचा लिखित साठा म्हणूनही त्यांचे मोल मोठे आहे.

स्मृतिकारांनी गाडी ओळखीची धरली आणि हाकणाऱ्याची चौकशी केली. आजच्या कायद्याला प्रथम गाडीचीच चौकशी करावी लागते. दौलताबादच्या कमानीखालून रात्री निघून गेलेल्या वाहनाचे नाव सांगू शकणारी साक्ष पुष्कळदा एकाच माणसाच्या एकाच वाक्यात असते. ते वाक्य जसे बोलले गेले तसेच कागदावर उतरले, तरच पुरावा हा शब्द आपल्या मूळ अर्थाने पुरा पडेल.